बालगृह की पाळणाघर? नाशिकमधील एका कौटुंबिक न्यासाच्या निधीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील न्यास, संस्था, वस्ती आणि कुटुंबे यांची ओळख पटू शकेल असे तपशील वगळले आहेत. न्यासाच्या अनुदानाचे तिसरे वर्ष संपत असताना त्याचे मूल्यमापन करण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने वाचलेल्या नोंदी, पाहिलेली पाळणाघरे आणि विश्वस्तांच्या बैठकीतील चर्चा यांवर पुढील लेखन आधारलेले आहे.

कुलूप

डिसेंबरमधील एका दुपारी नाशिकच्या दिंडोरी रस्त्याकडील एका वस्तीत, बाहेरून कुलूप लावलेल्या खोलीतून दोन मुलांच्या रडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, म्हणून शेजारच्या बाईंनी १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन केला. मुले साडेतीन आणि दीड वर्षांची होती. आई पहाटे सहाच्या पिकअपने दिंडोरी तालुक्यात द्राक्षघडांच्या विरळणीला गेली होती आणि वडील सातपूरला एका शेडच्या बांधकामावर होते. एरवी या दोघांना सांभाळणारी आठ वर्षांची थोरली बहीण तापाने आजारी पडल्यामुळे पेठ तालुक्यातील आजीकडे पाठवलेली होती. आईने खोलीत पाणी, बिस्किटांचा पुडा आणि भाताची ताटली ठेवली होती. स्टोव्ह आणि काडेपेटी वरच्या फळीवर चढवून ठेवली होती. फळीचा हा तपशील कोणत्याही कागदावर आलेला नाही, तो मला काही वर्षांनी त्या आईकडूनच कळला. ‘हेळसांड’ हा शब्द लिहिताना तो मला अजूनही अडवतो.

पुढचे सगळे कायद्याप्रमाणे झाले. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते, तसे ते केले गेले. सामाजिक चौकशी सुरू झाली आणि ती पूर्ण होईपर्यंत मुले संस्थेत राहिली. याच अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये मुलाची जाणूनबुजून उपेक्षा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समितीने ते टोक गाठले नाही. पालकांचे समुपदेशन करून आणि हमीपत्र घेऊन पाच आठवड्यांनी मुले परत दिली. या पाच आठवड्यांत आईचे कामाचे अकरा दिवस चौकशीच्या आणि भेटीच्या फेऱ्यांत गेले, आणि मुकादमाने टोळीतील तिची जागा दुसऱ्या बाईला दिली. मुले घरी आल्यानंतरच्या दुसऱ्याच सोमवारी दाराला पुन्हा कुलूप लागले. शेजारच्या बाईंनी या वेळी फोन केला नाही.

अण्णांची जमीन

मुलांचे वडील ज्या शेडवर काम करीत होते ती शेड एका मध्यम आकाराच्या कारखान्याची होती. घरात आणि कारखान्यात सगळे ज्यांना अण्णा म्हणतात ते त्याचे मालक एका कौटुंबिक न्यासाचे प्रमुख विश्वस्तही आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला हा न्यास तोपर्यंत शिष्यवृत्त्या, शस्त्रक्रियांसाठी मदत आणि रामकुंडावरील अन्नदान यांवर खर्च करीत असे. कुलपाची हकीकत ऐकून अण्णा अस्वस्थ झाले आणि गिरणारे रस्त्याकडील आपल्या जमिनीवर आईच्या नावाने चाळीस मुलांचे बालगृह बांधायचे त्यांनी ठरवले.

या निर्णयामागील भावना खरी होती आणि तिला या शहरात परंपराही आहे. घारपुरे घाटावरील आधाराश्रमासारख्या संस्था नाशिककरांच्या देणग्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. निराधार मुलाला छप्पर देणे हे पुण्यकर्म आहे, ही गोष्ट इथे कोणाला पटवून द्यावी लागत नाही. शिवाय कायद्याची रचनाही दात्याला त्याच दिशेने नेते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक नफा, उलाढाल किंवा नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावी लागते. हा खर्च कशावर करता येईल हे सातव्या अनुसूचीत दिलेले आहे. त्या अनुसूचीत महिला व अनाथ यांच्यासाठी गृहे आणि वसतिगृहे उभारण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. मुलांवरील अत्याचार किंवा त्यांची हेळसांड होऊ नये म्हणून आधीच काही करण्याचा उल्लेख तितक्या स्पष्ट शब्दांत कुठेच नाही. न्यासाच्या सनदी लेखापालांनी हे पान उघडून दाखवले तेव्हा बैठकीतील निम्मी चर्चा तिथेच संपली होती. इमारत लेखापरीक्षणात दिसते, तिचे उद्घाटन करता येते आणि तिच्यावर संगमरवरी पाटी बसते. कुलूप न लागलेल्या दाराचे छायाचित्र काढून वार्षिक अहवालात कोण छापणार?

बालगृहाचा विचार मागे पडला तो एका साध्या प्रश्नामुळे. वस्तीत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेच्या समन्वयक ताईंना न्यासाने सल्ल्यासाठी बोलावले होते. त्यांनी विचारले, “अण्णा, या दोन मुलांना तुम्ही तुमच्या बालगृहात घेतले असते का?” अण्णा म्हणाले, “का नाही?” त्यावर ताई म्हणाल्या, “त्यांना आईबाप आहेत. ते सहा ते सहा कामावर असतात, एवढेच त्यांचे दुखणे आहे. बारा तासांच्या अडचणीवर तुम्ही अठरा वर्षांचे औषध देताय.”

हिशेबही याच बाजूने होता. बालगृह चालवायचे तर कलम ४१ खाली नोंदणी, अधीक्षक, काळजीवाहक, रात्रपाळी, स्वयंपाकी, समुपदेशक आणि वैद्यकीय व्यवस्था हे सगळे कायमचे मागे लागते. इमारतीचा खर्च एकदाच होतो, पण पगार दर महिन्याला द्यावे लागतात. २०१५ च्या अधिनियमाचे तत्त्वही असे आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. म्हणजे चाळीस खाटा भरण्यासाठी कुटुंबांतून चाळीस मुले बाहेर काढावी लागली असती, आणि खाटा एकदा तयार झाल्या की त्या भरण्याचा मोह कोणत्याही व्यवस्थेला होतोच. हे मत माझे आहे, न्यासाचे नव्हे.

काय मंजूर झाले

तीन महिन्यांच्या चर्चेनंतर न्यासाने संस्थेला तीन वर्षांसाठी, वर्षाला सुमारे १८ लाख रुपयांचे अनुदान मंजूर केले. वस्तीत आणि तिच्या आजूबाजूला तीन पाळणाघरे, प्रत्येक ठिकाणी वस्तीतल्याच दोन ताई, सकाळी सहा ते संध्याकाळी साडेसहा अशी वेळ, दोन वेळचा गरम आहार, घरोघर जाणाऱ्या दोन पूर्णवेळ कार्यकर्त्या आणि वर्षाला १ लाख २० हजारांचा ‘अडीनडीचा निधी’ असे त्याचे स्वरूप होते. निधीतून एका कुटुंबाला एका वेळी जास्तीत जास्त तीन हजार रुपये, दोन दिवसांच्या आत आणि फक्त समन्वयकांच्या सहीने द्यायचे ठरले.

पाळणाघराची वेळ ही या प्रस्तावातील सर्वांत महत्त्वाची ओळ होती, असे मला आज वाटते. अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते आणि तीन वर्षांखालील मूल तिथे दिवसभर राहू शकत नाही. मजुरांच्या नाक्यावर मात्र सकाळी सातला उभे राहावे लागते आणि द्राक्षबागेच्या गाड्या त्याहून आधी निघतात. एप्रिलमधील खरड छाटणी, ऑक्टोबरमधील गोडी छाटणी, त्यानंतरची डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे) आणि विरळणी, मग जानेवारीपासूनची काढणी, असे या कामाचे वेळापत्रक द्राक्षवेलीच्या हातात असते, पालकांच्या नाही. पहिल्या वर्षी संस्थेने सुरुवातीला सकाळी आठची वेळ ठेवली होती, तेव्हा पाळणाघरात मुले कमी आणि खेळणी जास्त होती. वेळ सहाची केल्यावर तीन आठवड्यांत जागा भरल्या.

अडीनडीच्या निधीवर विश्वस्तांचा सर्वांत कमी विश्वास होता. पावतीशिवाय पैसे जातील, दारूत जातील, सवय लागेल, या तिन्ही शंका बैठकीच्या इतिवृत्तात नोंदल्या आहेत. पहिल्या वर्षाच्या नोंदी पाहिल्यावर पैसे प्रामुख्याने खोलीचे थकलेले भाडे, वीजबिल, बाळंतिणीचे पंधरा दिवसांचे किराणा सामान आणि आजारी मुलाला घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला जाण्या-येण्याचा खर्च यांवर गेलेले दिसतात. एका नोंदीत फक्त ‘रॉकेलऐवजी गॅसची शेगडी, १,९००’ एवढेच आहे. फळीवर चढवलेला तो स्टोव्ह याच घरातला होता.

दुसऱ्यांचा अनुभव

लेखापालांना आणि कनिष्ठ विश्वस्तांना पुरावा हवा होता, आणि तो मागण्याचा त्यांना अधिकारही होता. अमेरिकेतील डोरिस ड्यूक या धनाढ्य बाईंचे १९९३ साली निधन झाले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९९६ मध्ये जो न्यास काम करू लागला, त्याच्या हेतूंमध्ये मुलांवरील क्रौर्य रोखणे हा एक होता. त्या न्यासाने मदत केलेल्या एका उपक्रमाचा विचार आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. मुलांना आधीच जिथे रोज सोडले जाते त्या बालवाड्या आणि पाळणाघरे हीच प्रतिबंधाची जागा मानायची, आणि पालकांची सहनशक्ती, त्यांचे माणसांशी असलेले संबंध, मूल वाढवण्याविषयीची समज आणि अडचणीच्या वेळी मिळणारी प्रत्यक्ष मदत या गोष्टी तिथूनच बळकट करायच्या. पालक संशयित म्हणून दाराशी येत नाही, तो मुलाला घ्यायला येतो, हे या रचनेचे बलस्थान आहे.

दुसरा अनुभव गृहभेटींचा आहे आणि तो अधिक काटेकोरपणे मोजलेला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स यांनी सुमारे चारशे गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील काहींच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत परिचारिका नियमित जात असत. पंधरा वर्षांनी पाहिले तेव्हा या घरांमधील मुलांवरील अत्याचाराच्या व हेळसांडीच्या सिद्ध नोंदी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे निम्म्याने कमी होत्या. मधल्या टप्प्यात मात्र, म्हणजे भेटी थांबल्यानंतरच्या दोन वर्षांत, दोन्ही गटांच्या नोंदींत फरक दिसला नव्हता. अभ्यासकांनी त्याचे एक कारण असे दिले की ज्या कुटुंबांवर लक्ष असते तिथली प्रकरणे अधिक उघड होतात. आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली: ज्या घरांत नवराबायकोमध्ये वारंवार मारहाण होती, तिथे या भेटींचा मुलांच्या संरक्षणावरील परिणाम जवळपास नाहीसा झाला होता. मी हे दोन्ही मुद्दे विश्वस्तांना पहिल्याच वर्षी सांगायला हवे होते, असे समन्वयक ताईंनी मला नंतर बोलून दाखवले. पहिल्या वर्षी मी तिथे नव्हते, पण तक्रार रास्त होती. ते कोणीतरी सांगायला हवेच होते.

आकडा वाढतो

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका अकरा वर्षांच्या मुलीने, जी धाकट्या भावाला पाळणाघरात सोडायला आणि घ्यायला येत असे, तिथल्या ताईंना एका नातेवाइकाच्या वागण्याविषयी सांगितले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, त्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती ज्या कोणाला मिळते त्याने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास कलम २१ नुसार तो स्वतः शिक्षेस पात्र ठरतो. मुलीची आई ताईंच्या पाया पडली. “ताई, पोरीचं नाव निघालं तर गावाकडं तोंड दाखवता येणार नाही,” एवढेच ती म्हणत राहिली. संस्थेने त्याच दिवशी माहिती दिली. मुलीसाठी सहायक व्यक्ती नेमली गेली, आणि अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. मात्र पुढचा महिनाभर पाळणाघरातील निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या. वस्तीत बोलणे बंद झाले. कार्यकर्त्यांना दारातूनच ‘आज नको’ असे ऐकू येऊ लागले.

मग हळूहळू बायका परत आल्या, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या. एका आईने शेजारच्या घरातील मुलाला होणाऱ्या मारहाणीविषयी सांगितले, आणि दुसरीने स्वतःच्या मुलीविषयी विचारले की, ‘असं असेल तर कुणाला सांगायचं?’ सहामाही अहवालात पहिल्या वर्षीच्या ‘नोंदवलेली प्रकरणे: शून्य’ या ओळीच्या जागी ‘तीन’ असे आले.

न्यासाच्या बैठकीत या ओळीवर सर्वांत जास्त वेळ गेला. एक विश्वस्त म्हणाले की आपण पैसे दिले आणि प्रकरणे वाढली, तर हे काम आपण कशासाठी करतो आहोत? प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा करावी असा तो नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर कारखान्यात दोषाचे प्रमाण कमी करत आणले, त्याला वाढता आकडा अपयशाचाच वाटणार. उत्तर देताना समन्वयक ताईंनी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासाचा आधार घेतला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, निम्मे अत्याचारी मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. ताईंचा मुद्दा असा होता की पहिल्या वर्षीचा शून्य हा वस्तीचा नव्हता. आपल्या कानांपर्यंत काही पोहोचले नव्हते, म्हणून तो शून्य होता.

मला या प्रकरणातील हाच सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. प्रतिबंधासाठी पैसा देणारा दाता जर प्रकरणांची घटती संख्या हेच यशाचे माप ठरवीत असेल, तर तो नकळत कार्यकर्त्यांना न ऐकण्याचे बक्षीस देत असतो. तीन वर्षांच्या अनुदानात तर हे अधिकच घडते, कारण खरी घट दिसायची असेल तर ती पाच-दहा वर्षांनी दिसेल आणि वाढ मात्र दुसऱ्याच वर्षी दिसते. पुढे न्यासाने मापे बदलली. मुलाला कुलूपबंद किंवा दहा वर्षांखालील भावंडाच्या हवाली किती दिवस ठेवले, पाळणाघरात सलग किती आठवडे मूल आले, थोरल्या मुली शाळेत किती दिवस गेल्या, अडीनडीची मदत किती तासांत पोहोचली, आणि पालकांनी आपणहून किती वेळा मदत मागितली, या गोष्टी मोजायला सुरुवात झाली. प्रकरणांची संख्या अहवालात राहिली, पण तिच्यापुढचा लाल-हिरवा बाण काढून टाकला. बाण काढण्याचा आग्रह ज्या विश्वस्तांनी मूळ प्रश्न विचारला होता त्यांचाच होता.

छायाचित्रे

याच सुमारास कारखान्याच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या विभागाने संकेतस्थळासाठी ‘आधी आणि नंतर’ अशी मुलांची छायाचित्रे आणि दोन यशोगाथा मागितल्या. बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ आणि पोक्सोचे कलम २३ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतात. समितीसमोर गेलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र छापणे हा गुन्हा आहे. वस्ती लहान असेल तर चेहरा झाकूनही उपयोग नसतो, पायातल्या चपलांवरून मूल ओळखले जाते. संस्थेने नकार दिला तेव्हा विभागाला तो उद्धटपणा वाटला. अखेर अण्णांनी स्वतः लिहून दिले की या अनुदानाच्या अहवालात एकही मूल दिसणार नाही. संकेतस्थळावर आज पाळणाघरातल्या स्वयंपाकघराचे छायाचित्र आहे: दोन कुकर, एक मोठी पातेली आणि भिंतीवर आठवड्याच्या आहाराचा तक्ता.

उचल

अडीनडीच्या निधीची खरी परीक्षा तिसऱ्या वर्षी झाली. एका कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतली होती आणि ती फिटेना म्हणून बारा वर्षांच्या मुलाला मुकादमाच्या ओळखीच्या माणसाकडे गुरे सांभाळायला पाठवायचे ठरत होते. आईने निधीतून उचल फेडण्याची विनंती केली. नाशिक जिल्ह्याला हा विषय नवा नाही. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ मोबदल्यावर मेंढपाळांकडे राबत असल्याचे एका मुलीच्या मृत्यूनंतर उघड झाले होते, आणि त्यानंतर नाशिक व नगर या दोन्ही जिल्ह्यांत गुन्हे नोंदले गेले होते.

संस्थेपुढील पेच असा होता की वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार वेठीला जुंपणारे कर्ज कायद्यानेच रद्द ठरते. ते फेडणे म्हणजे बेकायदा कर्जाला न्यासाच्या पैशाने मान्यता देणे, आणि वस्तीतल्या प्रत्येक मुकादमाला संस्था पैसे भरते असे कळवणे. उलट फेडले नाही तर मुलगा पुढच्या आठवड्यात जाणार होता. संस्थेने उचल फेडली नाही. तिने तहसील कार्यालयाकडे लेखी तक्रार केली, ग्रामीण भागात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली असते त्या बाल संरक्षण समितीलाही कुटुंबाच्या मूळ गावी कळवले, आणि निधीतून त्या कुटुंबाला सलग तीन वेळा किराणा दिला, जे निधीच्या नियमात बसत नव्हते. मुलगा गेला नाही. मात्र वडिलांना त्या मुकादमाच्या टोळीत पुन्हा काम मिळाले नाही, आणि पुढच्या छाटणीला ते कुटुंब वस्ती सोडून गेले. ते कुठे गेले हे संस्थेला शोधता आले नाही. माझ्या अहवालात हे प्रकरण यशाच्या रकान्यात टाकावे की अपयशाच्या, यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी रकानाच काढून टाकला.

जे जमले नाही

दारूच्या घरांत गृहभेटींचा फारसा उपयोग झाला नाही. एल्मायराचा अनुभव इथेही तसाच आला. नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न सोडवल्याशिवाय मुलांपर्यंत पोहोचता येत नाही, आणि त्या प्रश्नासाठी प्रस्तावात एक रुपयाही नव्हता. वडिलांशी बोलण्यासाठी रविवारच्या तीन बैठका घेतल्या; पहिल्या बैठकीला नऊ जण आले, तिसरीला दोन. सहा वर्षांवरील मुलगे शाळा सुटल्यानंतर संध्याकाळपर्यंत कुठे असतात हेही या रचनेत कोणी पाहिलेले नव्हते.

शासकीय योजनांशी जोडण्याचे काम अपेक्षेपेक्षा चांगले झाले, पण ते जोखमीचे आणि वेळखाऊ निघाले. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतील प्रायोजकत्वाखाली पात्र मुलाला महिन्याला चार हजार रुपये मिळतात आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये. दोन्हींसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते. ज्या घरात एकच पालक आहे, आजारपण आहे किंवा मूल आजीकडे वाढते आहे, अशा घरांसाठी ही रक्कम म्हणजे मूल संस्थेत जाणे किंवा न जाणे यातला फरक असू शकते. पण पेठ-सुरगाण्याहून आलेल्या कुटुंबाचे रेशन कार्ड गावाकडचे, भाडेकरार नाही, उत्पन्नाचा दाखला तिसऱ्याच ठिकाणचा. गृहभेट कार्यकर्तीचा जवळपास एक तृतीयांश वेळ कागद जमवण्यात गेला, आणि मूळ प्रस्तावात या कामासाठी वेळ धरलेलाच नव्हता. पुढच्या वेळी तो धरावा, अशी शिफारस मी केली आहे.

चौथे वर्ष

न्यासाने दोन पाळणाघरांचे अनुदान आणखी तीन वर्षे वाढवले. तिसरे पाळणाघर केंद्र शासनाच्या पाळणा योजनेत जाऊ शकेल का याची चौकशी सुरू आहे. अडीनडीच्या निधीची मर्यादा प्रसंगी पाच हजारांपर्यंत नेली गेली. गिरणारे रस्त्याची जमीन अण्णांनी भाजीपाल्यासाठी कसायला दिली आहे.

खरा वाद चौथ्या केंद्रावरून झाला. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्ते, पूल आणि घाटांची कामे वाढत आहेत, आणि त्यांच्याबरोबर मजुरांची नवी कुटुंबेही येत आहेत. अशाच एका बांधकामालगत पाळणाघर काढावे असा संस्थेचा प्रस्ताव होता. लेखापालांनी हरकत घेतली, आणि या वेळी त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या, तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या अधिनियमानुसार जिथे पन्नासहून अधिक स्त्री कामगार साधारणपणे काम करीत, तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सोय करणे ही मालकाची जबाबदारी होती. ठेकेदाराने जो खर्च करायचा तो न्यासाने का करावा? समन्वयक ताईंचे उत्तर असे होते की उपठेकेदारांत विभागून बायकांची संख्या कागदावर पन्नासच्या आत ठेवली जाते, आणि मुले आजच वाळूच्या ढिगावर आहेत.

बैठकीत ठरले ते असे: न्यासाने आधी मुख्य ठेकेदाराला आणि कामगार कार्यालयाला पत्र द्यावे, एक महिना थांबावे, आणि तोपर्यंत जवळच्या केंद्रात दहा जागा वाढवून त्या मुलांना घ्यावे, एका महिन्यात उत्तर आले नाही तर केंद्र काढावे आणि त्याचा खर्च ठेकेदाराकडे लेखी मागत राहावे. मी अहवाल सादर केला त्या दिवशी पत्र जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि वाढवलेल्या दहा जागांपैकी आठ भरल्या होत्या.